'फुगलेले गाल'च्या मागोमाग: राहात्याचं थिएटर आणि काष्टीचा तंबू

पुण्यात 'फुगलेले गाल' हा सिनेमा आठवडाभरातच उतरला आणि त्याच संध्याकाळी माझ्या भावानं जाहीर केलं, "संपलं. आता फक्त बँक."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा भाऊ अविनाशदादा दिवसा बँकेत कारकून आणि संध्याकाळी नाटकवाला. सिनेमातलं त्याचं हे पहिलंच मोठं काम. एका लहानशा गावातला बँडमास्तर. त्याचे दात पडतात, ट्रम्पेट फुंकता येईनासा होतो, पण पोटासाठी तो वरातीपुढे नुसते गाल फुगवत चालतो. बाकीचे वाजवत असतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. शेवटी त्याच्याच मुलीचं लग्न येतं. ऐन वेळी दुसरीकडची मोठी सुपारी मिळाली म्हणून साथीदार निघून जातात आणि मास्तर एकटाच वरातीपुढे गाल फुगवत चालत राहतो. पडद्यावर काही म्हणजे काही आवाज नाही.

पुण्यात खेळ सुटल्यावर एक ओळखीचे गृहस्थ दादाला म्हणाले, "काम छान. पण लोकांनी हसायचं की रडायचं, ते आधी ठरवा बुवा." ते त्याला फार लागलं. एका नव्या नाटकात भावाच्या भूमिकेसाठी बोलावणं आलं होतं. सोमवारी तो नाटकवाल्यांना नकार कळवणार होता.

तेवढ्यात कळलं, की सिनेमाच्या दोन प्रिंटा नगर जिल्ह्यात फिरताहेत. एक राहात्याच्या थिएटरात, दुसरी काष्टीच्या बाजारात, तंबूत.

"चल, बघून येऊ," मी म्हटलं.

"माझी फजिती बघायला एसटीनं जायचं?"

"हो. आणि खिडकी मला."

शुक्रवारी पहाटे शिवाजीनगरहून नगरची गाडी धरली. शिरूरला चहा आणि गरम भजी. नगरला गाडी बदलून मनमाड रस्त्याला लागलो आणि माझी मान खिडकीबाहेरच राहिली. उसाचे दिवस होते. कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या रांगा, वर मोळ्यांवर बसलेली कुटुंबं, मागून हॉर्न वाजवून थकलेला आमचा ड्रायव्हर. राहुरी, कोल्हार करत राहात्याला पोचायला ठरल्यापेक्षा खूपच उशीर झाला, पण त्या रस्त्यावर उशीर गोड लागतो. हिवाळ्यात जाणार असाल तर राहात्याचे पेरू घ्याच. मीठ-तिखट लावून देतात. आम्ही पिशवीभर घेतले आणि तसेच थिएटरात शिरलो.

दुपारचा खेळ, निम्म्याहून जास्त खुर्च्या भरलेल्या. दादा मागच्या रांगेत, अंग चोरून. खरं तर त्याला कोण ओळखणार? पडद्यावर पांढऱ्या मिश्या आणि बोळकं, इथं सफाचट चेहरा आणि बँकेतला स्वेटर. वरातीत मास्तरची कवळी घोड्याच्या पायाशी पडते, तिथं लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी दादाला कोपर मारलं. तो जरासा सैलावला होता.

आणि आला शेवट. आवाज बंद. पुढून आरोळी आली, "ए, आवाज!" लगेच दहा गळे, "आवाज गेला! आवाज सोड!" खुर्च्या आपटायला लागल्या. ऑपरेटरही बिचारा गोंधळला. त्यानं आवाज पार वाढवला, तर कर्ण्यातून नुसती खरखर. पडद्यावर दादा आपला गाल फुगवून चालतोय आणि थिएटर त्याच्यावर ओरडतंय. मला हसू आवरेना. शेजारी बघितलं, तर खुर्ची रिकामी.

तो बाहेर सायकलींच्या रांगेपाशी उभा होता. "त्यांना वाटलं मशीन बिघडलं," तो म्हणाला. "माझं सगळं काम म्हणजे बिघडलेलं मशीन."

आम्ही नगरला परत आलो. रात्री लॉजवर त्यानं पुण्याला परत जायचं काढलं. मी पेरूंची पिशवी उशाशी घेऊन सांगितलं, "तू जा. मी काष्टीला जाणार." सकाळी तो माझ्याआधी तयार होता, अर्थात तोंड पाडून.

नगरहून दौंडच्या गाडीनं काष्टी. तिथला बाजार बघायला वेगळा वेळ काढा! बैलांच्या शिंगांना लावलेले रंग, शेळ्यांचा कालवा, मिरच्यांचे ढीग, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव करणारे लोक. एका पालाखाली भाकरी आणि मटणाचा रस्सा खाल्ला. इतका जहाल, की दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

अंधार पडल्यावर तंबू भरला. मध्ये कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, सगळे जमिनीवर. बसायला पोतं किंवा चादर न्या, आणि शालही. मी बायकांत, दादा पलीकडे. तो मला दिसत नव्हता, म्हणून मी सारखी कनातीकडे बघत होते.

माझ्या शेजारी पारूबाई नावाची एक पोक्त बाई सुनेला घेऊन आली होती. कवळी पडली तशी ती माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगं बया! दात सांडलं की म्हाताऱ्याचं!" पण लेकीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि ती पुढे सरकून बघायला लागली. साथीदार पळाले तेव्हा सुनेला म्हणाली, "बघ, एकलं टाकलं त्याला. आता वं?"

शेवट आला. आवाज बंद. मी डोळे मिटून घेतले. आता आरोळी येणार.

कनातीपलीकडून आवाज आला खरा. "पँ... पँपँ पँ..." कुणीतरी तोंडानं ट्रम्पेट वाजवत होतं. मग दुसरा. मग कुणी डबा बडवायला घेतला. बघता बघता सगळी पुरुषांची बाजू तोंडानं बँड वाजवायला लागली, हसत, ओरडत, "वाजीव मास्तर! लई झ्याक!" पडद्यावर दादाचे गाल फुगत होते आणि तंबूतून सूर निघत होता.

पारूबाईनं पदर डोळ्यांना लावला होता. "पोरीला कळंना बी, बापाचा बाजा मुका हाय ते," ती म्हणाली. आजूबाजूला कितीतरी बायका नाक पुसत होत्या.

बाहेर दादा सापडला तो घसा बसलेला. शेजारच्या शेतकऱ्यानं त्याला दटावलं होतं म्हणे, "पावनं, गप काय बसलाव? वाजवा की! त्याच्या पोरीचं लगीन हाय." मग दादाही वाजवायला लागला. स्वतःसाठीच. त्यानं आपण कोण ते सांगितलं नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, "अगं, वेळ कुठं होता?"

दौंडहून पॅसेंजरनं पुण्याला येताना तो बसलेल्या आवाजात नव्या नाटकाबद्दल बोलत होता. त्याला त्यातलं भावाचं काम नको होतं, म्हाताऱ्याचं हवं होतं.

त्या सहलीतलं काय उरलं म्हणाल, तर आजही शांत सिनेमागृहात बसले की मला उगाच वाटतं, कुणीतरी पँ करावं. तसे तंबू आता क्वचितच दिसतात. पण बाजाराच्या दिवशी काष्टीला जाऊन या.

घरी पोचलो तेव्हा आई चहा टाकत होती. "काय रे, कसा वाटला लोकांना?"

"हसले गं, पोट धरून," दादा म्हणाला.

"रडल्या," मी म्हणाले. दोघं एकदमच.

आईनं आळीपाळीनं आमच्याकडे बघितलं. "एकाच पिक्चरला गेला होतात ना दोघं?"