एकदाच उघडायची बिजागरी

उमेळ्याच्या मर्विन तुस्कानोला कुणाचंच काम पसंत पडत नसे. चर्चचं नवं फाटक पाहून तो मिस्साची प्रार्थना संपल्यावर सगळ्यांदेखत फादरना म्हणाला होता, "हे कोनी बसवलं, बेकरीवाल्यानं?" स्वतः त्याने गोखिवऱ्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं बिजागऱ्या केल्या. कपाटांच्या, टेम्पोंच्या. त्या लावणारे सगळे अडाणी, हे त्याचं ठाम मत.

मग कारखान्याला उपग्रहाचं काम मिळालं. हा उपग्रह एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवावर फिरत, ढगांतूनही रडारने जमीन पाहणार होता. त्याचा घडी घातलेला अँटेना वर गेल्यावर ज्या बिजागऱ्यांवर उघडायचा, त्या कारखान्याने करायच्या. मालक जयवंतशेठने आधी काय केलं, तर बॅनर लावला! त्यात शेठ पुरुषभर आणि उपग्रह टिकलीएवढा. काम काय, मर्विन करेलच.

मर्विन डोळे मिटून, कान लावून एकेक बिजागरी दोनदोनशे वेळा उघडझाप करून पाही. पंधरातल्या अकरा त्याने भंगारात फेकल्या. शेठचं डोकं फिरलं.

"अहो मर्विनभाई, वर गेल्यावर एकदाच तर उघडायचीय!"

"म्हनूनच. घरचं दार अडलं तर लाथ मारता येते. वर कोन जानार लाथ मारायला? तुमी?"

पुढे चार महिने त्याने त्या अकरा नव्याने केल्या. आपली बिजागरी वर उघडली, एवढंच त्याला एकदा ऐकायचं होतं. हे तो कुणाला बोलला नाही. पण बायकोने, क्लेमेंटीनने, ओळखलं. नाताळला दुसऱ्यांच्या सुटांना नावं ठेवायला चर्चमध्ये जाणारा हा माणूस आता रोज संध्याकाळी रोझरी म्हणत होता.

उड्डाणाच्या सकाळी कारखान्यात टीव्ही लावला, टीव्हीलाच हार घातला. नगरसेवकाने भाषण ठोकलं, त्याला रडार आणि रेडिओ एकच वाटत होतं. रॉकेट दक्षिणेकडे झेपावलं. टाळ्या पडल्या. काही मिनिटांत तिसऱ्या टप्प्याचं इंजिन ढिलं पडलं आणि उपग्रहासकट सगळं समुद्रात गेलं.

दोन दिवस शेठच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिसऱ्या दिवशी उपग्रहवाल्यांचा फोन आला, दोष इंजिनाचा, बिजागऱ्यांचा नाही. लगेच पेढे! एवढा मोठा उपग्रह बुडाला आणि हा गडी पेढे वाटतोय.

"सुटलो, मर्विनभाई! आपल्या मालाला बोट ठेवायला जागा नाही."

मर्विनने पेढा खोक्यात परत ठेवला.

"तुमी सुटलात, शेठ. बिजागरी मिटलेलीच बुडाली."

शेठला काय कळणार! त्याने तोच पेढा पुढच्याच्या हातावर ठेवला.