आग फवारणीची नव्हती

"ही फवारणीची बाधा नाही. याला रोझेशिया म्हणतात," यवतमाळच्या त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि आम्ही सोबत नेलेली मलमाची ट्यूब उलटीपालटी करून पाहू लागल्या. "हे किती दिवस लावताय?" शांतानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं. उत्तर मलाच द्यावं लागलं. जवळजवळ वर्षभर.

रोझेशिया म्हणजे चेहऱ्याच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या लवकर फुलणं. गाल, नाक लाल होतं, आग होते, पुटकुळ्या येतात. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. शांताचा डोळ्यांपर्यंत गेला होता. "बुबुळाला जखम झाली तर नजरेवर परिणाम होऊ शकतो," बाई म्हणाल्या. त्यापुढचं मला नीट ऐकूच आलं नाही.

त्या वर्षांत बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. लोक हाताला येईल ते औषध मारत होते आणि फवारणारी माणसं दवाखान्यात भरती होत होती. शांताचे गाल पेटले त्या दिवशी धुऱ्यापलीकडे, बांधाला लागून असलेल्या त्याच्या वावरात, आमचा शेजारी देवराव फवारत होता, वारा आमच्याकडे होता. मी पाहिलं आणि ठरवून टाकलं. पानठेल्यावर सांगत सुटलो, देवरावनं माझ्या बायकोचं तोंड जाळलं. त्याच्या वावरात वेचायला बाया जाईनात. त्याचा कापूस बोंडातच लोंबत राहिला.

शांता म्हणायची, "अहो, मले तं चुलीपाशीबी आग होते. तिथं काय देवरावभाऊ पंप घेऊन येते?" मी तिला गप्प केलं आणि मेडिकलमधून ती ट्यूब आणली. चेहरा दोन दिवसांत निवळला. लावणं थांबवलं की दुप्पट लाल. मग मी नवी आणायचो.

ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड म्हणजे सूज झटकन दाबणारं औषध. चेहऱ्यावर फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते आणि हाच आजार भडकतो. "बंद केल्यावर आधी वाढेल. घाबरून परत लावू नका," बाईंनी बजावलं.

वाढलंच. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. डोळ्यांच्या दवाखान्यात तिला आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो. आतून तिचा अक्षरं वाचण्याचा आवाज येत होता. ती अडली की मी बाकावरून अर्धा उठायचो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "बुबुळ शाबूत आहे. पण काळजी रोज घ्यावी लागेल."

ती रोजची काळजी अशी. कपड्याचा साबण तोंडाला बंद. साध्या पाण्यानं, साबण नसलेल्या क्लिन्झरनं धुवायचं, मऊ कापडानं टिपायचं, घासायचं नाही. मग बिनवासाचं मॉइश्चरायझर. उन्हात जाण्याआधी सनस्क्रीन, वर सैल ओढणी. कोमट ओल्या कापडानं पापण्या शेकून हलकेच पुसायच्या. बाईंनी दिलेलं जेल आणि गोळ्या, त्यांनी सांगितलं तेवढ्याच. कढत चहा, तिखट ठेचा आणि चुलीची धग हे तिच्या वाईटावर होतं. चूल मी घेतली. भाकरी अजून वाकड्याच होतात.

फवारणीची बाधा खोटी नाही. फवारल्यावर उलटी, अंधारी, घाम आला तर तडक दवाखाना गाठा. पण लाली महिनोन्महिने येत-जात असेल तर अंदाज बांधू नका, मेडिकलवाल्याला विचारू नका. मी दोन्ही केलं.

शांताचे डोळे निवळले. आता ती सुईत स्वतः दोरा ओवते. पण देवरावकडे जायला मला त्यानंतरही काही वर्षं लागली. तो खाटेवर तूर निवडत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"बुढ्या, मले कायले सांगून राह्यला? मले तं माहीतच होतं. ज्याईले सांगतलं होतं, त्याईले सांग ना."

त्यातले बरेच आता राहिले नाहीत. जे आहेत त्यांनी हे वाचावं. माझ्या बायकोच्या चेहऱ्याला देवरावनं काही केलं नव्हतं.