सहाशेच्या लेन्समधला सोपान

वालचंदनगरला कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये माझं आयुष्य गेलं. मापात बसतं तेवढंच खरं मानणारा मी माणूस... भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जायचो. तरी हे लिहितोय, कारण एक खोटं मला दुरुस्त करायचं आहे.

निवृत्तीनंतर मला आणि वरकुटं गावच्या माझ्या मित्राला, सोपानला, फोटोग्राफीचा नाद लागला. इंदापूरच्या माळावर चिंकारा टिपायला जायचो. एकमेकांपासून लांब बसायचं, बोलायचं नाही. एकानं हात वर केला, की दुसऱ्यानं समजायचं—हरण जवळ आहे, जागचं हलायचं नाही. हा आमचा ठरलेला नियम.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी सोपाननं हात वर केला. माझ्या छोट्या झूम लेन्समधून तो बोटाएवढा दिसत होता, चेहरा कळत नव्हता. मी हललो नाही. बराच वेळ... जवळ गेलो तेव्हा सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक. त्याच्या बायकोला, शालन वहिनींना, मी सांगितलं—मी गाडीपाशी होतो, मला काही दिसलं नाही.

यंदा हिवाळ्यात लेन्स घ्यायला बारामतीला गेलो. शंभर ते चारशे मिलिमीटरची घ्यावी की त्याहून लांबचं जवळ आणणारी दीडशे-सहाशे, ठरत नव्हतं. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काका, सहाशेवाली दोन किलोची आहे. आधी घरी रोज दोन किलो बाजरी उचलून बघा." मग दोन्ही लेन्स घेऊन मला गच्चीवर नेलं. भर दुपार. मागं मोठा मोकळा प्लॉट, पलीकडे विटांची भिंत.

चारशेमधून नुसती भिंत दिसली. मग माझ्या कॅमेऱ्याला सहाशे लावली, पूर्ण झूम केली... भिंतीच्या अलीकडे सोपान उभा. एक हात वर. दुसऱ्या मुठीत छातीवरचा शर्ट आवळलेला. तोंड उघडं. त्या दिवशी न दिसलेला चेहरा आता स्पष्ट दिसत होता. तो थांब म्हणत नव्हता—मला बोलवत होता.

शटरवरचं बोट दाबलं गेलं. कॅमेऱ्यावरून डोळा काढला, तर प्लॉट रिकामा.

दुकानदारानं स्क्रीन पाहिली. "काका, फोकस कशावर लावलाय? भिंत ब्लर आलीय."

फोटोत कुणी नव्हतं. पण भिंतीच्या बरीच अलीकडची मातीची एक पट्टी, तिथले खडे, वाळकं गवत... तेवढंच शार्प. कॅमेऱ्यानं तिथं कशावर तरी फोकस धरला होता.

लेन्स न घेता थेट वरकुटं गाठलं. वहिनी ओसरीवर मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी तुमी बगत व्हता?"

"हो."

"आन् हलला न्हाय."

"नाही."

निवडलेली मेथी त्यांनी तशीच बाजूला सारली. "भावजी, मला वाटायचं, झोपंत गेल्यावानी गेलं असतील. कुणाला हाक मारायचीबी येळ आली नसंल. तेवढ्यावर दिवस काढत व्हते मी." मग आत गेल्या. मी पुष्कळ वेळ बसलो, त्या बाहेर आल्या नाहीत.

फोटो मी पुसलेला नाही. जाणकार म्हणतात, लेन्सचा दोष. कुणी म्हणतं, उन्हानं तापलेली हवा. मला कुठलंच पटत नाही. आणि सोपान त्या दुपारी काय सांगायला आला होता—वहिनींना सांग, की सांगू नकोस—तेही मला अजून कळलेलं नाही.