नंबर चारची थंडी

तबेल्यातली लीद रोज उचलली जाते. तिथले किस्से कोणी उचलत नाही. ते साचत जातात. पशुवैद्य म्हणून नागझिऱ्याजवळच्या गोरेगावी काढलेल्या वर्षांत माझ्याकडे पुष्कळ साचले. त्यांतले हसण्याजोगे सांगा, असा मित्रांचा आग्रह असतो. सांगतो. हसण्याची जबाबदारी त्यांची.

इंग्रज सरकारने आमच्या तबेल्यात पैदाशीसाठी एक घोडा ठेवला होता. दप्तरात तो ‘नंबर चार’. गावात त्याचे नाव सरदार. ते नाव त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने, म्हणजे सोमाजीने, ठेवलेले. सोमाजीला मूलबाळ नव्हते. शिदोरीतला पहिला घास तो घोड्याला देई.

नियम असा, की हिवाळी तपासणीत घोडा लागोपाठ दोनदा निकामी ठरला, तर त्याला खच्ची करून गाडीला जुंपायचे. आणि तपासणी पौषातच होई. कारण साहेबलोक थंडीतच दौऱ्यावर निघत!

*

पहिल्या पौषात साहेबासमोर घोडी आणली. सरदाराने तिला हुंगले, तोंड फिरवले आणि गवत खाऊ लागला.

गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला विचारले, “काऊन जी डाक्टर, सरकारनं घोडा धाडला का गोसावी?”

सारे हसले. सोमाजी हसला नाही. “थंडी हाये जी,” तो म्हणाला. “फागनात या, मंग पाहा.”

साहेबाने शेरा लिहिला : निकामी, पहिली वेळ.

*

घोड्यालाही ऋतू असतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. सोमाजीच्या शब्दावरून मी दर पंधरवड्याला घोड्याची वृषणे मोजू लागलो. दिवस जसजसा मोठा होत गेला, तसतशी ती भरत गेली. वीर्य वाढले. मान ताठ झाली, खिंकाळणे बदलले. आश्विनात दिवस लहान झाले, तसे सारे पुन्हा ओसरले.

मी वरच्या कचेरीला सविस्तर टिपण पाठवले. शेवटी लिहिले, की ईश्वराने प्राणिमात्राला ऋतूची मर्यादा घालून दिली आहे आणि मनुष्याखेरीज सर्व जण ती पाळतात. तरी तपासणी फाल्गुनात व्हावी.

उत्तर आले : “पशुवैद्याने धार्मिक मते सरकारी कागदावर लिहू नयेत.”

*

टिपणाच्या आधीची, त्याच वर्षीच्या फाल्गुनातली गोष्ट. मालगुजारांच्या पुतण्याची वरात तबेल्यावरून चालली होती. नवरदेव घोडीवर. सरदाराने वारा हुंगला आणि दावे तोडले!

नवरदेव बाशिंगासकट धानाच्या कोरड्या बांधीत जाऊन पडला. पुढचे वऱ्हाडातल्या स्त्रियांनी पदराआडून पाहिले.

मालगुजार ओरडले, “अरे सोमा! आता काऊन उसळून राहिला हा?”

“थंडी गेली न जी!”

वर तक्रार गेली. पौषात गप्प राहिला म्हणून शेरा, फाल्गुनात राहिला नाही म्हणून शेरा. त्या हंगामात सरदाराकडून सात घोड्या गाभण राहिल्या. त्यांतली एक मालगुजारांची, तीच वरातीतली.

*

दुसऱ्या पौषात तोच साहेब, तीच खुर्ची. सरदाराने हुंगले, तोंड फिरवले, गवत खाल्ले.

मी म्हणालो, “साहेब, त्याच्या सात घोड्या गाभण आहेत. आपण फाल्गुनात यावे.”

“फाल्गुनात? त्या उन्हात?” साहेबाने मालगुजारांकडे पाहिले. “काय म्हणता, मालगुजार?”

घरी घोडीचे पोट जमिनीला टेकायला आले होते. मालगुजार म्हणाले, “हुजूर म्हणतील तसं.”

नंबर चारला तीन दिवसांत खच्ची करण्याचा हुकूम झाला.

सोमाजीने माझे पाय धरले. “दोन महिने थांबा न जी. दोनच.”

मी थांबलो नाही. माझी बढती जवळ आली होती. त्या सकाळी मी स्नानसंध्या नेहमीप्रमाणे केली. दोर सोमाजीनेच धरला. दुसऱ्याला सरदाराने जवळ येऊ दिले नसते.

*

नागझिऱ्याच्या जंगलातली शिकार आटोपून साहेब माघात परतला. तो बाजाराचा दिवस होता. पाच घोड्या व्यायल्या होत्या आणि आपापल्या शिंगरांसह तिथे उभ्या होत्या. लांब पायांची, उंच मानेची शिंगरे. साहेब घोड्यावरून खाली उतरला.

“यांचा बाप कोण?”

मालगुजार छाती काढून पुढे आले. “सरदार, हुजूर! आमच्या गावचाच.”

“असा घोडा गावात असताना तुम्ही मला तो नंबर चार दाखवता? आणा त्याला!”

मालगुजारांची छाती बसली. ते जमिनीकडे पाहू लागले. मी टोपी सारखी केली. सोमाजीने सरदाराला गवताच्या गाडीतून सोडले, पाठीवर झूल घातली आणि समोर आणून उभे केले. झूल गुडघ्यांपर्यंत येत होती.

साहेबाने मानेवर थाप मारली. “उत्तम जनावर! घोडी आणा.”

घोडी आणली. सरदाराने हुंगले, तोंड फिरवले आणि गवत खाऊ लागला.

“डॉक्टर, हे काय?”

सोमाजी पुढे झाला. त्याने साहेबाला सलाम केला. पाहत मात्र माझ्याकडे होता.

“थंडी हाये, हुजूर.”

साहेबाने समजूतदारपणे मान हलवली.

“अर्थात! आपण फाल्गुनापर्यंत थांबू.”