नाण्याची वाट आणि माझे सासरे

माझे सासरे गुरुवारी गेले. सकाळी ते पाण्याच्या मशीनवर गेले, नाण्याची वाट पुसली, घरी आले, चहा प्यायले आणि खुर्चीत बसले. मी कप उचलायला गेले तेव्हा ते नव्हते.

मावळात आजवर जेवढी नाणी फिरली, त्यांतली निम्मी तरी माझ्या सासऱ्यांना चेहऱ्याने ओळखत असतील. लोणावळा ते पुणे या मार्गावरच्या स्टेशनांवर पूर्वी वजनाची मशीनं उभी असत. दिवे लुकलुकायचे, रंगीत चक्र फिरायचं, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. या मशीनांची देखभाल एका ठेकेदाराकडे होती, आणि ठेकेदाराकडे कामाला होते आबा, म्हणजे माझे सासरे. खांद्यावर खाकी पिशवी, पिशवीत पाने, पेचकस, कानस आणि दाढीचा जुना ब्रश. दुरुस्ती झाली की आबा स्वतः मशीनवर उभे राहून खिशातलं नाणं टाकत. असं तीस वर्षं केल्यामुळे स्वतःच्या वजनाची हजारो तिकिटं जमवणारे ते तालुक्यातले एकटेच गृहस्थ असावेत. "घोरावाडीला मी चौसष्ट किलो भरतो, मळवलीला एकसष्ट," ते सांगत. "म्हणून डाक्टरकडं जाताना मळवलीची चिठ्ठी न्यायची आन् सोयरिकीला जाताना घोरावाडीची." दोन्हींतलं खरं वजन कोणतं, असं मी एकदा विचारलं. त्यांना प्रश्नच आवडला नाही. "वजनाचं काम माझ्याकडं न्हाई. नाणं आत पडंस्तवर माझं काम. पुढचं मशीन जाणे."

नाणं आत पडेपर्यंत काय काय होतं, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी कळलं. दुसऱ्या घरांत नव्या सुनेला दागिने दाखवत असतील. आबांनी दुरुस्तीला आणलेली एक पत्र्याची पेटी मांडीवर घेतली, तिची एक बाजू काढली आणि मला शेजारी बसवलं. आत वहीच्या पानाएवढ्या जागेत एक उतरती वाट होती. "पैली फट," ते म्हणाले. "मोठं नाणं हितंच अडतं. मग ह्यो पाळणा. नाणं पुऱ्या वजनाचं असंल तरच पाळणा कलतो, हलकं असंल तर जाग्यावर बसून ऱ्हातं. मग ह्ये चुंबक. लोखंड असंल तर धरून ठिवतं, आन् न्हाई धरलं तरी चाल कमी करतं. खरं नाणं किती मंद व्हतं ते ठरलेलंय. ते बरुबर ह्या खालच्या पत्तीच्या पल्याड पडतं. दुसरं कायबी टाकलं तर त्ये अल्याड पडून मालकाकडं परत." मग त्यांनी एक नाणं सोडलं. टक्, टुक्, आणि एक लांबलेला सरकता आवाज. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू एखादा तानपुरा जुळवून दाखवला होता. मी छान आहे म्हणाले. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता तिला सोडा. मला बी पैल्या रविवारी हेच दावलं व्हतं."

एक सुटं चुंबक आबांच्या खिशात कायम असे. आबा ते कशालाही लावून पाहत: दाराच्या कडीला, सायकलच्या घंटीला, हळद कांडायच्या खलबत्त्याला. माझ्या लग्नात त्यांनी ते रुखवतातल्या हंड्याला लावलं. माझ्या वडिलांनी तळेगावच्या दुकानातून चांगल्या स्टीलची भांडी म्हणून जास्त पैसे देऊन आणली होती. चुंबक हंड्याला घट्ट बसलं. "चिकटतंय," आबांनी मांडवात जाहीर केलं. म्हणजे स्टील हलकं. वडिलांचा चेहरा उतरला, माझ्या मावशा कुजबुजू लागल्या, आणि माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. आबांच्या लक्षात आलं, पण जरा उशिरा. मग ते आपल्या बाजूने आलेल्या ताटांकडे गेले आणि एकेका ताटाला चुंबक लावत मोठ्याने म्हणाले, "आमचंबी चिकटतंय. ह्येबी चिकटतंय. व्याही, फिटाफिट झाली, चला जेवायला." वडील पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट हसत सांगत. त्या दिवशी मात्र हसले नव्हते.

खोट्या नाण्यांचा आबांना राग नव्हता, उलट कौतुक होतं. मशीनमध्ये लोक काय काय टाकत: चेपलेली बाटलीची झाकणं, शर्टाची बटणं, कारखान्यातल्या चकत्या. हे सगळं त्यांनी एका काचेच्या बरणीत ठेवलं होतं. त्यात एक चकती अशी होती की तिच्या कडेला नाण्यासारखे बारीक दातेही पाडलेले होते. ती पाळण्यावरून सुखरूप गेली होती, फक्त चुंबकाने पकडली. ती पाहिल्यावर आबा अस्वस्थ झाले. सलग तीन दिवस ते नवलाख उंबरे या कारखान्यांच्या गावी गेले आणि कारखान्याची पाळी सुटताना फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ती चकती तळहातावर घेऊन उभे राहिले. "ह्ये काम कुणाचं?" एखाद्याचा हरवलेला दागिना परत करायला यावं तसे. तिसऱ्या दिवशी लेथवर काम करणारा एक माणूस पुढे आला. "आबा, चूक झाली. पोलिसात नका देऊ." "पोलिसात कशाला? दाते कसे पाडलेस त्ये सांग." दोघांनी दोन-दोन चहा घेतले. निघताना आबा त्याला म्हणाले, "एका रुपयासाठी चार रुपयांचं मटेरियल घालवलंस. खुळा का येडा?"

पुढे स्टेशनांवरची मशीनं गेली. काहींच्या जागी काहीच आलं नाही, नुसता फरशीवर चौकोनी डाग राहिला. आबांनी ठेकेदाराकडून त्यातल्या एका मशीनची नाण्याची पेटी मागून घेतली आणि घरी बसले. दोन वर्षं ते खरोखर घरी बसले. त्या काळात आमच्या घरातल्या सगळ्या बिजागऱ्या इतक्या नीट झाल्या की दारं उघडल्याचं कळेनासं झालं आणि आम्ही दचकू लागलो. मग आमच्या गावात पाण्याचं मशीन आलं. पाच रुपयांचं नाणं टाकायचं, वीस लिटर शुद्ध पाणी घ्यायचं. मशीनसोबत आलेली नाणं ओळखायची विजेवरची यंत्रणा पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेने गेली. ग्रामपंचायत नवीन मागवायच्या बेतात होती. आबा म्हणाले, माझ्याकडे आहे. त्यांनी स्टेशनवरच्या पेटीची फट कानसून पाचाच्या नाण्याएवढी केली, पाळण्याचं वजन बदललं, आणि पाळण्याची नवी पिन नवलाख उंबऱ्याच्या त्याच चकतीवाल्याकडून करून आणली. पेटी बसली आणि चालू लागली. अडचण एकच होती, पाचाचं नाणं एक नव्हतं. जाड पांढरं वेगळं, पिवळं वेगळं, आणि एक पातळ पांढरं असं की ते खरं असूनही चुंबकाला चिकटायचं. ते नाणं घेऊन कुणी आलं की आबा आपल्या खिशातलं पिवळं काढून देत. "नाण्याची चूक न्हाई, माझ्या मशीनला त्येची वळख न्हाई," असं ते त्या नाण्याची बाजू घेऊन सांगत.

नंतर उपसरपंचांनी कार्डाचा विषय काढला. उपसरपंच तरुण आहेत, कामसू आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कार्ड टेकवायचं किंवा मोबाइल दाखवायचा, पाणी घ्यायचं. फट कायमची बंद, अडकण्याचा प्रश्नच नाही. पण कार्डात एकदम शंभर रुपये भरावे लागणार होते. गावात पंधरा-वीस म्हाताऱ्या अशा होत्या की ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि हातात शंभर रुपये एकदम कधी येत नव्हते, पाच मात्र येत. त्यांतल्या एक आमच्या गल्लीतल्या मावशी. माक्याचं तेल घरी उकळून विकायच्या. गावातल्या बहुतेक बायकांच्या डोक्याला त्यांच्याच तेलाचा वास असे. त्या आबांना म्हणाल्या, "आबा, फट बुजवली तर मी पुन्यांदा हिरीवर जायाची. माझं गुडघं बघा." आबांनी पंचायतीत जाऊन शब्द दिला, नाणं अडकणार नाही. उपसरपंच म्हणाले, "एक महिना बघू. महिन्यात एकदा जरी मशीन बंद पडलं तरी फट बंद. चालंल?" आबा म्हणाले, चालेल. घरी आल्यावर त्यांना आठवलं की त्याच महिन्यात गावची जत्रा आहे.

जत्रेतल्या नाण्यांइतकी वाईट नाणी जगात नसतात. ती ओटीतून, आरतीच्या ताटातून, नारळाच्या पाण्यातून येतात. हळद, कुंकू, मेण, खडीसाखर. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आबा मशीनपाशी चिंचेच्या कोळाची बादली घेऊन बसले. "नाणं हितं द्या, आंघोळ घालून घ्या, मग टाका." लोकांना मजा वाटू लागली. एकीने विचारलं, "आबा, समई बी बुडवू का?" "समई फटीत जाती का? न्हाई ना? मग घरी घास." कुणीतरी आपलं घड्याळ पुढे केलं. आबांनी तेही पुसून परत दिलं. ते आठ दिवस तसे बसले, बोटं चिंचेने पांढरी पडली, आणि एकही नाणं अडकलं नाही. सगळ्यांना बजावलेलं एकच वाक्य होतं: पाणी लावा, चिंच लावा, लिंबू लावा, तेल लावू नका. तेलाला धूळ धरते.

सव्विसाव्या दिवशी सकाळी मशीन बंद पडलं. हंड्यांची रांग रस्त्यापर्यंत होती. माणसं कामावर जायची खोळंबली, बोलू लागली, उपसरपंच आले. आबांनी पेटी उघडली. पाळणा आणि भिंत यांच्यामध्ये एक नाणं चिखलात बसावं तसं बसलं होतं, भोवती काळा चिकट गाळ. आबांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि बोट धोतराला पुसलं. मावशी रांगेत चौथ्या होत्या. त्यांचा हात तोंडावर होता. संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन मला म्हणाल्या, "सरकावं म्हणून लावलं गं. आडाकलं तर आबाची मान खाली जाईल, म्हणून रोज थोडं थोडं लावून टाकायची. चिंचंपरीस तेल बरं, असं वाटलं मला."

पंचायतीच्या बैठकीला मीही गेले. उपसरपंचांनी विचारलं, तेल कुणी घातलं. आबा म्हणाले, "मी."

"तुमी? तुमीच तर तेल लावू नका म्हणत फिरत हुता."

"म्हातारपण हाय. इसरलो."

उपसरपंचांनी कागदात गुंडाळून आणलेलं ते नाणं नाकाशी नेलं. "आबा, माक्याचं तेल हाय ह्ये. डोक्याचं."

"व्हय."

"तुमी लावता?"

"लावतो की. रोज."

सगळ्या सभेने आबांच्या डोक्याकडे पाहिलं. त्या डोक्यावर गेली वीस वर्षं एकही केस नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशे, तुझ्या तेलाला गुण न्हाई गं!" सभा हसली. मावशींनी पदर पुढे ओढला. आबा हसले नाहीत, सरळ समोर बघत राहिले. त्यांनी आयुष्यात मशीनबद्दल खोटं बोललेलं मी तेवढंच ऐकलं. उपसरपंचांनी नाणं परत कागदात गुंडाळलं आणि म्हणाले, "कार्ड बी बसवू. पर आबा हायत तवर फट ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर आबा दोन वर्षं होते. रोज सकाळी मशीनवर जात. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या मुलीने बोलावलं तरी मुक्कामाला थांबत नसत. ताप असला तरी जात. मी एकदा म्हणाले, एक दिवस राहू द्या. ते म्हणाले, "माझ्या ऱ्हाण्यावरच फटीचं ऱ्हाणं हाय." तेव्हा मला ते बोलणं त्यांच्या हट्टासारखंच वाटलं होतं.

आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर चार दिवसांनी उपसरपंच घरी आले. जयभीम करून बसले, पाणी घेतलं. "वहिनी, बोलायला बरं वाटत न्हाई. पर ठरलं व्हतं तसं, फट आता—" मी वाचनालयात दिवसभर पुस्तकांच्या नोंदी करते. माझ्या हाताने कधी साधी तारही जोडलेली नाही. मी म्हणाले, "मी जाईन मशीनवर." ते म्हणाले, "तुमाला जमंल?" मी म्हणाले, "पहिल्या रविवारी दाखवलं होतं त्यांनी." "बघू एक महिना," ते म्हणाले. महिना उलटून गेला. पुन्हा कुणी विषय काढला नाही.

आता कामावर जाण्याआधी मी मशीनवर जाते. फट मला साफ करता येते, पाळणाही कलता ठेवता येतो. चुंबक जमत नाही. आबा नाणं सोडून कान लावायचे आणि चुंबकाचा स्क्रू पाव फेरा फिरवायचे. मी कान लावते. मला फक्त नाणं पडल्याचं ऐकू येतं. दहांतली दोन खरी नाणी परत येतात. बायका ती उचलतात, पदराला पुसतात आणि पुन्हा टाकतात.