हो काका, कळलं

डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समध्ये मला स्टॅटिस्टिक्स शिकवायला कुणी मिळेना. या विषयाची एक परीक्षा पास झाले, की डब्लिनमध्ये मला नोकरी मिळणार होती. शेवटी शेजारणीचे वडील सापडले. तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेले, पुण्याच्या कॉलेजात तीस वर्षं हाच विषय शिकवलेले. पहिल्याच दिवशी मी त्यांना काका म्हणाले आणि तिथेच फसले. तुमचं शिकवणं डोक्यावरून जातंय, हे काकांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

लॅपटॉपला ते हात लावत नसत. गळ्यात मफलर, हीटरला पाठ, आणि पुण्याहून आणलेल्या आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने सावकाश एकेक ठिपका. मधेच चष्म्यावरून बघत विचारायचे, "कळलं?" मी म्हणायचे, "हो काका." मग घरी येऊन नवऱ्यावर डाफरायचे.

परीक्षा आठवड्यावर आली आणि माझा बांध फुटला. "काका, मला पहिल्या दिवसापासून काहीही कळलेलं नाही."

ते रागावले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तीस वर्षं अख्खा वर्ग मला 'कळलं सर' म्हणायचा," ते म्हणाले. "त्यांनाही नसेल का गं कळलं?"