चार बिऱ्हाडांच्या बाई

"बघू तो कागद," म्हणत बाई हात पुढे करायच्या. हात आधी पदराला पुसायच्या, मग कागद लांब धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागायच्या. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असलं तर तेही वाचायच्या. समोरचा घाईत असला तर म्हणायच्या, "थांबा की राव. सही एकदा गेली की परत येत न्हाई."

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमचं गाव सुखी तरी आहे, नाहीतर कोडगं. आमचं गाव घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना शिनोलीच्या अलीकडे लागतं. बाई तिथे अंगणवाडी चालवायच्या आणि मी ग्रामपंचायतीत कारकून होतो.

मढच्या बाजूची चार बिऱ्हाडं आमच्याकडे कालव्याच्या खोदाईला आली होती. खोदाई संपली, पण परत जावं तर तिकडे ना जमीन होती ना घर. ती बाजाराच्या ओट्यांवर राहायला लागली. दर शुक्रवारी पहाटे चूल मोडायची, गाठोडी बांधायची, दिवसभर पोरं घेऊन झाडाखाली बसायचं आणि बाजार उठला की कोबीची सडकी पानं झाडून तिथेच संसार मांडायचा. आम्ही हे वर्षानुवर्षं बघत होतो. ओटे मोकळे व्हायला उशीर झाला तर कुरकुरही आम्हीच करायचो.

बाईंनी विषय आधी बौद्धवाडीत, आपल्या स्वतःच्या वस्तीत काढला आणि मग त्या वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांकडे गेल्या. "पैसा नको. बांधावरचं चार बांबू द्या आन एक दिवस द्या," एवढंच मागायच्या. कोणी बांबू दिले, कोणी जुने पत्रे. गायरानाच्या कडेला दोन्ही वस्त्यांनी मिळून आठवड्यात चार खोपटी उभी केली. मी त्या गावात जन्मलो, पण ही माणसं एकाच खड्ड्यातली माती उपसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पुढे बाईंनी तहसील कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई त्यांना न मागता पाणी द्यायचा. शेवटी साहेबांनी सांगितलं, दारिद्र्यरेषेच्या नव्या यादीत नाव आलं तर जागाही मिळेल आणि घरकुलही. नाही आलं तर ती खोपटी अतिक्रमण.

यादीसाठी घरोघर होणाऱ्या पाहणीचे कोरे फॉर्म माझ्याकडे आठ दिवस आधी आले. बाई हात पुढे करत आल्याच. मी टेबलाचा खण सरकवून बंद केला आणि म्हणालो, "वरून मनाई आहे, बाई." कसलीही मनाई नव्हती. सगळं गाव बाईंच्या शब्दावर चालायला लागलं होतं. एक तरी कागद फक्त माझ्याकडे असावा असं मला वाटलं. माझ्या मनाचा कोतेपणा, दुसरं काही नाही.

आमच्याकडे पाहुणा यायचा असला की शेजारचं सामान आणतात. त्यात कोणाला लाज वाटत नाही; उलट नाही आणलं तर शेजारी रुसतो. बाई घरोघर सांगत सुटल्या, "त्यांच्या दारात पयल्यांदा सरकारी मानूस येतोय. त्याला काय भुईवर बसवायचा?" झालं. खाट आली, खुर्च्या आल्या, कुकर, रेडिओ आला. एका उत्साही भावाने टेबलफॅन आणला. खोपटात वीज नव्हती, तरी फॅन ठेवला.

पाहणीला आलेले गुरुजी परगावचे. त्यांनी खाटेवर बसून चहा घेतला आणि विचारलं, "हे सगळं तुमचंच ना?"

त्या बिऱ्हाडांतली वयाने मोठी कौसल्या. उसनं आणलंय असं पाहुण्याला कोण सांगतं? "आपलंच हाय की," ती म्हणाली.

गुरुजी लिहीत गेले. घरातल्या वस्तूंना गुण होते आणि गुण वाढले की माणूस यादीतून बाहेर. मी शेजारीच उभा होतो. मला तो फॉर्म पाठ होता.

तिथून गुरुजी गावात गेले. ज्यांनी सामान दिलं होतं त्यांची घरं नेमकी त्या दिवशी रिकामी. यादी लागली तेव्हा त्यांची नावं आत आणि चारही बिऱ्हाडं बाहेर.

बाईंनी ग्रामसभेत हरकत घेतली. सभेसमोर उभं राहून एकेक विचारलं. "खाट कुनाची व्हती? कुकर कुनाचा? उठून सांगा, लई काय मागत न्हाई." कोणी उठलं नाही. कुकर माझा म्हणणं म्हणजे आपल्या हाताने आपलं नाव खोडणं. ती वाईट माणसं नव्हती. त्यांतल्या एकाने बांबू तोडताना स्वतःचं बोट कापून घेतलं होतं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला.

मी इतिवृत्त लिहिलं: हरकतीस पुरावा नाही, यादी कायम. बाईंनी वही मागून घेतली, सगळं वाचलं. "अक्षर चांगलं हाय भाऊ तुमचं," म्हणाल्या, आणि सही न करता वही परत दिली.

त्या उन्हाळ्यात खोपटी पाडली. बिऱ्हाडं ओट्यांवर परत आली.

बाई त्यानंतरही काही वर्षं होत्या. रस्त्यात भेटल्या की माझ्या मुलांची चौकशी करायच्या. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी किती वाट पाहिली. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मनाई नव्हती हे त्यांना कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि एके दिवशी बाईच गेल्या.

त्याच आठवड्यात कौसल्या पंचायतीत आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई सांगून गेल्यात," ती म्हणाली. "फुडची यादी निघंल तवा तुमास्नी भेटायचं. मानूस चांगला हाय म्हनल्या."

मी तिचं नाव लिहून घेतलं. पुढची यादी कधी निघेल, निघेल की नाही, मला काहीच ठाऊक नव्हतं. तेही मी तिला सांगितलं नाही.